बोलती पूजा

ज्या देवानं आयुष्यभर पूजा करून घेतली, त्यानंच ती विसरायला का लावावी, हा प्रश्न मी त्या वर्षी बिरोबाला रोज विचारत होते, तोही जरा चढ्या आवाजातच. आमचे सासरे, आबा, तरुण असताना घरात मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि लासुर्ण्याच्या आमच्या रानात ऊस उभा राहिला. वस्तीवरच्या बिरोबाची पूजा मात्र आबांनी सोडली नाही. दर रविवारी गाभाऱ्यात जायचं आणि तोंडातून शब्द न काढता पूजा करायची, ही आमची रीत. बायकांनी बाहेर ओट्यावर बसायचं. आत काय चालतं ते आम्हाला ना दिसे, ना ऐकू येई.

आबांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून मोठाच घोळ घातला. पूजा उरकून ते देवापुढं स्वस्थ बसले की हात जास्त हलायचा, म्हणून देवाचं वारं आलं असं सगळ्यांनी धरलं. शेजारणी पाया पडून प्रश्न विचारायला लागल्या. आबा बिचारे "मला काय ठावं?" म्हणायचे, तर त्यातूनही कौल काढणाऱ्या निघाल्या. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी हा कंपवात आहे असं सांगून गोळ्या दिल्या. हात बराच शांत झाला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गोळ्यांच्या डबीलाही भंडारा लावायच्या.

पण हळूहळू आबांना कामाचा क्रम लागेना. चहात साखर टाकायची की पावडर, इथंच ते अडायचे. एका रविवारी त्यांनी देवाला आधी भंडारा लावला आणि मग अंघोळ घातली. पिवळं पाणी वाहत ओट्यापर्यंत आलं. धाकटे चुलतसासरे, तात्या, मनानं वाईट नाहीत, पण म्हणाले, "दादा, औंदाच्या जत्रंला पूजा तुमच्या थोरल्या पोराकडं द्या. देवाची हेळसांड नगं." त्या दिवसापासून आबांचं जेवण निम्म्यावर आलं. पूजा गेली तर आबा राहतील का, याची मला धास्ती बसली.

औषधाला पुन्हा बारामतीला गेलो होतो. परतताना स्टँडवर आबा एसटीच्या दाराशी खिळून उभे राहिले. हातात पिशवी, छत्री, औषधं. मागून माणसं ओरडत होती, मी सगळं ओढून घेऊन त्यांना वर ढकलत होते. तेवढ्यात सुती पातळातली एक वयस्क बाई पुढं आली. "अहो, थांबा. त्यांना करू द्या," ती मला म्हणाली आणि आबांकडं वळली. "आजोबा, आधी काय करायचं? मोठ्यानं सांगा बरं." आबा म्हणाले, "दांडी धरायची." आणि धरली. "मग?" "पाय वर." आबा चढले! तिच्या यजमानांना हाच आजार होता. पुण्याच्या दवाखान्यात तिला शिकवलं होतं : एका वेळी एकच काम, वस्तू रोज एकाच जागी, करायचं ते बोलत बोलत करायचं. अडले तर हातातलं काढून घ्यायचं नाही, पुढं काय ते त्यांनाच विचारायचं. एसटी हलली आणि तिचं नावही विचारायचं राहिलं. आत्या म्हणतात, तो बिरोबाच होता. मी त्यावर वाद घालत नाही.

घरी चहापासून सुरुवात केली. आबा बोलत बोलत चहा करायला लागले, कधी चुकले तर आम्ही पिऊन टाकायचो. पूजेचं मात्र त्यांना धाडस होईना. "देवाम्होरं बोलू कसं? आपल्यात रीत न्हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "आबा, देवाशी बोललं तर देव काय रुसणार हाय व्हय?" ते हसले, कितीतरी दिवसांनी. पुढच्या रविवारी गाभाऱ्यातून आवाज आला, "देवा, आता तुला अंघोळ घालतो." ओट्यावर आम्ही बायका एकमेकींकडं बघत राहिलो. मग दर रविवारी पूजेतलं एकेक काम ओट्यापर्यंत ऐकू यायला लागलं.

जत्रेच्या दिवशी आबांनीच हट्टानं ताट उचललं. तात्या दाराशी कपाळाला आठ्या घालून उभे. आतून एकेक ऐकू येत होतं. अंघोळ झाली, अंग पुसलं, फेटा बांधला. मग आवाज थांबला. तात्या आत जायला निघाले आणि तेवढ्यात आबांचा आवाज आला, अगदी साधा, "देवा, म्होरं काय रं?"

"आवं, भंडारा!" ओट्यावरून आत्या म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथंच मुकाट्यानं बसत आल्या होत्या. पाठोपाठ आम्ही साऱ्याजणी म्हणालो, "भंडारा, आबा!" "व्हय की," आबा आतून म्हणाले आणि पूजा पुढं सुरू झाली. तात्या होते तिथंच खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.

आबांचा आजार गेला नाही, जाणारही नाही. पण आमच्या घरात आता समाधान आहे. आपल्याला येत नाही हे देवापुढं मोठ्यानं म्हणायला आबा लाजले नाहीत. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं. मी देवाशी भांडत होते ते थांबलं. आता रविवारी मी ओट्यावर कान देऊन बसते, आणि आत आबा अडले की बाहेरून आम्ही बायका देवाची पूजा सांगतो.