पायरीवरचा वर्ग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी मार्थाबाईंचं नाव घेतो. त्यांच्या मुलाचा, जोसेफदादाचा, फोन आला तेव्हा मी नागपूरला शाळेत नववीचा तास घेत होतो. "बाई गेली रे," एवढंच तो म्हणाला. आईला तोही बाईच म्हणायचा, सगळ्या आर्वीसारखा... दफनविधी आटोपून परत निघालो तेव्हा चर्चच्या मंडळातले एक काका सहज बोलले, "आता पोराइले महिन्यातून एकदा वर्ध्याले पाठवून देऊ. इथं कोण शिकवते?" मी गप्प राहिलो. पाच आठवडे झाले, ते गप्प राहणं मला अजून टोचतं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आर्वीत आमची कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्च म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. फादर वर्ध्याहून एक रविवार आड यायचे. मुलांचं धर्मशिक्षण मार्थाबाईंकडे होतं. बाई सातवी शिकलेल्या, एसटी डेपोजवळ शिलाई मशीन चालवायच्या. कापूस वेचायच्या दिवसांत मुलं रविवारी वावरात असत, तेव्हा त्या वर्ग संध्याकाळी ठेवत आणि घरोघर जाऊन मुलं गोळा करत. पुस्तक होतं प्रश्नोत्तरीचं. प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेलं. आपण फक्त पाठ करायचं. बाई ते पाठ करून घेतच, पण त्यांचा आणखी एक नियम होता. प्रत्येकानं घरून स्वतःचा एक 'काऊन', म्हणजे 'का?' असा एक प्रश्न, आणायचा.

"बाई, देवाले भूक लागते काय?"

"हा काऊन नाई. काऊन पाह्यजे."

"मंग फादर दर रविवारी काऊन नाई येत?"

"ते एसटीवाल्याइले विचार. दुसरा आण."

मी नऊ वर्षांचा असताना माझा काऊन नेला. वडील ख्रिस्ती, आईचा मात्र बाप्तिस्मा झालेला नव्हता. ती मला सोडायला यायची आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसायची. कितीही बोलावलं तरी "माहं नाव नाई तिथं" म्हणायची. "माही माय पायरीवरच काऊन बसते?" मी विचारलं. बाईंनी सतरंजी गुंडाळली. "मले याचं उत्तर येत नाई," त्या म्हणाल्या, "पण आजपासून वर्ग पायरीवर." आईला त्यांनी फक्त थोडं सरकायला सांगितलं.

त्या वर्षी प्रथम कम्युनियनआधी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीआधी, परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक फादर आले. देवाने तुला का निर्माण केले, त्यांनी मला विचारलं. पाठ असलेलं उत्तर सोडून मी त्यांनाच पायरीचं विचारून बसलो. फादरांनी वही मिटली. "याची तयारी झालेली नाही. पुढच्या वर्षी बघू."

त्या विधीसाठी माझा पांढरा शर्ट बाईंनी आदल्याच दिवशी शिवून ठेवला होता. त्या उठल्या. "फादर, उत्तर पाठ नसन तर थांबवा त्याले. पुन्हा विचारा, तो घडाघडा सांगते. पण प्रश्न विचारला म्हणून थांबवत असान, तर बाकीचे सातही थांबतीन. सगळ्याइले मीच शिकवलं हे."

आई घाबरली. "जाऊ द्या ना बाई, पुढच्या साली करू."

"तू बस वं!"

फादरांनी पुन्हा विचारलं. मी घडाघडा सांगितलं. शर्ट मी त्याच रविवारी घातला.

बाई पोरांना उलटं बोलायला शिकवते, असं पुढे कितीतरी वर्षं काही जण म्हणत. शिकवलंच त्यांनी! त्याच जोरावर मी आज वर्गात उभा आहे.

परवा जोसेफदादानं त्यांची प्रश्नोत्तरी माझ्या हाती दिली. पाठीकडून सुटलेली पानं शिलाईच्या दोऱ्यानं शिवलेली. आत माझं पत्र होतं, बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पाठवलेलं. प्रमाण भाषेत दोनदा लिहून फाडलं होतं. शेवटी बाईंशी बोलायचो तसंच लिहिलं. पत्रात जे मागितलं होतं, ते बाईंनी शेवटपर्यंत कळवलं नाही. तरी काकांना मी सांगून टाकलं आहे, पोरं वर्ध्याला जाणार नाहीत. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी आर्वीला येणार. आईला आतापासूनच सरकून बसायला सांगितलंय. पत्र असं आहे...

"बाई, पास झालो. आमच्या घरातला पहिलाच. कॉलेजात सर म्हणत, कोणाले काही विचारायचं हाये काय, तं सगळे खाली पाहत. मी हात वर करो. 'काऊन' म्हटलं की पोरं हासत. सर नाई हासले कधी. मायचा प्रश्न अजून माह्याजवळच हाये, मी तो सोडला नाई. तुम्ही थकल्या तं सांगजा. मी येतो. सतरंजी मी आंथरतो."