वळचणीची फट

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा सत्तर. आधार कार्डावर अडुसष्ट आहे, पण ती लिहून घेणाऱ्याची चूक, माझी नाही.

घर आमचं मुरबाडहून बरंच आत, सिद्धगडाच्या बाजूला. जीप सडकेवर सोडते, पुढं चढ चालून यायचं. हे घर मी माझ्या हातानं उभं केलं. खाली दगड, त्यावर मातीच्या भिंती, वर कौलं. भिंत छपराला पुरती भिडवायची नाही, वळचणीखाली हात जाईल एवढी फट सगळीकडून सोडायची, ही आमच्याकडची पद्धत. चुलीचा धूर त्या फटीतून जातो आणि उन्हाळ्यात वारा तिथून येतो.

त्या वर्षी शिमग्याच्या थोडं आधी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. एकुलती एक, तीही उशिरा झालेली. तिला वाशिंदला दिली आहे. जावई कारखान्यात कामाला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. तिच्या सासूचं, म्हणजे आमच्या व्याहीणबाईंचं म्हणणं असं की बाळंतपण वाशिंदलाच व्हावं. आम्ही मुलीला आणायला गेलो तेव्हा चार माणसांत म्हणाल्या, "तुमच्याकडं जंगल अगदी दाराशी. घरात कधी काय शिरेल त्याचा नेम नाय."

मी म्हणालो, "माझ्या घरात उंदीर पण विचारून येतो, बाई."

माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. मग मीही इरेला पेटलो. सांगून आलो, सव्वा महिना होईपर्यंत बाळ माझ्या घराबाहेर जाणार नाही. एकदा बोललो की बोललो, हा माझा स्वभाव आहे.

मुरबाडच्या दवाखान्यात नात झाली. घरी आणली, तुळईला दोरी टाकून लुगड्याची झोळी बांधली. सगळं चांगलं चाललं होतं. मग छपरात खारी आल्या.

परड्यातल्या फणसाची एक फांदी छपरावर टेकलेली होती. तिच्यावरून खार यायची आणि फटीतून आत. वासे आणि कौलं यांच्या मधल्या जागेत तिनं घर केलं. कुठून कुठून काथ्या, कापूस, गोधडीच्या चिंध्या नेल्या. दिवसभर वर खुडबुड चालायची, मध्येच पिल्लांची बारीक चिवचिव. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण एके दिवशी मुलगी ओटीवर नवऱ्याशी फोनवर बोलत होती (रेंज तेवढ्या एका कोपऱ्यात येते), आणि बोलता बोलता तिनं आत बघितलं. खार दोरीवरून उतरून थेट झोळीत गेली होती आणि बाळाच्या दुपट्याचा दोरा ओढत होती.

मुलगी ओरडली, "बाबा, खार! बाळाच्या अंगावर खार!"

मी धावलो तोवर खार वर गेली. बाळाला काही झालं नव्हतं, ते झोपेतच होतं. पण फोन चालू होता आणि तिकडून व्याहीणबाईंचा आवाज मला ओटीवर उभ्या उभ्या ऐकू आला.

"उंदीर विचारून येतो म्हणं. आन खार?"

मी कोयता घेतला. फणसाची फांदी बुंध्याजवळ थोटूक ठेवून तोडून टाकली. मग शिडी लावली. जुनी गोणपाटं, फुटकी कौलं, कारवीच्या काड्या, वरून माती-शेणाचा गारा. घराची सगळी फट मी संध्याकाळपर्यंत लिंपून काढली. सत्तराव्या वर्षी, एकट्यानं.

म्हातारी खाली उभी राहून बघत होती. "अवो, खारीनं तुमचं काय खाल्लं? पिल्लं हायेत वर तिची."

"असूदे. तिनं दुसरीकडं बिऱ्हाड करावं."

"आन चुलीचा धूर कुठनं जायाचा?"

"दारातनं."

"धुराला दार सांगून ठेवलंत ना? नायतर विचारल्याबिगर जायाचा नाय तो." ती असं बोलते. लग्न झाल्यापासून असंच बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खार त्या तोडलेल्या फांदीच्या थोटकावर बसून ओरडायला लागली. शेपूट उडवत, छपराकडं तोंड करून, चिक-चिक-चिक, एका सुरात. थांबेच ना. थोड्या वेळानं साळुंक्या आल्या, त्याही तिच्याबरोबर कलकलायला लागल्या. म्हातारी म्हणाली, पिल्लांसाठी रडते ती, एक गोणपाट काढा. मी म्हणालो, रडूदे.

आता हे मी का लिहितो, तर रानात असा आवाज मी जन्मभर ऐकत आलो आहे. खार एका जागी बसून एका सुरात ओरडते आणि साळुंक्या येऊन तिच्याभोवती गोळा होतात, तेव्हा त्या झाडाखालून आमच्यातलं पोरसुद्धा जात नाही. तिथं साप असतो. शेतात मी त्या आवाजाला मान देऊन कितीदा वाट बदलली आहे. पण घराच्या छपराकडं बघून खार ओरडते, तर मला वाटलं मलाच शिव्या देते. माझ्याच दारात, माझ्याच फणसावर बसून.

दुपारी वरची चिवचिव थांबली. सगळी पिल्लं एकदम गप्प झाली. उपाशी पिल्लू कण्हत कण्हत, हळूहळू गप्प होतं, असं एकदम होत नाही. मी ओटीवर सुपारी कातरत होतो. अडकित्ता हातातच राहिला. बाहेर खार ओरडतच होती. तेव्हा कुठं मला तो आवाज ऐकू आला म्हणायचं.

मी आत गेलो. मुलगी बाळाला पाजत होती. वर बघितलं, काही दिसलं नाही. वासे काळे, कौलांखाली अंधार. पण चुलीच्या बाजूला जमिनीवर धुळीची एक बारीक रेघ पडली होती, ताजी. मी बघत असताना ती रेघ हातभर पुढं सरकली. वर कुणीतरी सावकाश चाललं होतं. उंदीर-घूस चालते तेव्हा धूळ थांबून थांबून पडते. ही सरळ पडत होती.

मी फट बुजवली होती. खार बाहेर राहिली होती, आणि तिच्या पिल्लांच्या मागं जे आत गेलं होतं, ते मीच आत कोंडलं होतं. आमच्यासकट.

घरात कुणाला सांगितलं नाही मी. ओली बाळंतीण, तिला सांगून तिचं दूध आटवायचं? आणि खरं सांगायचं तर वाशिंदपर्यंत ते गेलं असतं. मुरबाडला सापवाला आहे, फोन केला की येतो. पण त्याची मोटारसायकल दारात लागली की गावभर होणार. मी म्हटलं, आपलं घर आहे, आपण बघू. काठी दाराशी आणून ठेवली.

"बाबा, काठी कशाला?" मुलीनं विचारलं.

"गुडघा दुखतोय."

मग तिची खाट ओढून दाराजवळ घेतली.

"आता खाट कशाला?"

"उजेड पडतो इथं."

तिनं माझ्याकडं बघितलं. पोरगी माझीच आहे, तिनं पुढं विचारलं नाही. फक्त बाळाला झोळीत न घालता पोटाशी घेऊन पडली. रात्रभर मी उंबऱ्यावर बसून होतो. म्हातारीला सांगितलं, आत उकडतंय. ती म्हणाली, "फट लिंपल्यावर उकडणारच." तिला काय ते कळलं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही.

सकाळ झाली, उजेड झाला. कौलांतून ऊन आलं तसा मला धीर आला. वरून काही पडलं नाही, काही वाजलं नाही. मला वाटलं कुठल्यातरी भोकातून गेलं असेल. म्हातारीनं बाळाला न्हाऊ घातलं, झोळीत ठेवलं आणि रोजच्यासारखी धुरी केली. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, ऊद आणि लसणाची सालं. घमेलं झोळीखाली सरकवलं. पोरगी केस सुकवत बाजूला बसली होती.

रोज धूर वर जायचा आणि फटीतून निघून जायचा. त्या दिवशी तो वर गेला, आढ्याखाली साठला, आणि पांढरा ढग होऊन खाली उतरायला लागला. डोळे झोंबायला लागले. मी म्हणणार होतो, घमेलं बाहेर घे गो. तोंड उघडलं आणि तुळईवरून तो उतरताना दिसला.

झोळीच्या दोरीवरून येत होता. काळसर, मनगटाएवढा, दोरीला वेढे घालत, ज्या वाटेनं खार आली होती त्याच वाटेनं. अर्धी दोरी उतरून थांबला. धुरानं कावलेला होता. मान उचलली आणि फणा काढला. नाग होता. खाली झोळीत माझी नात हातपाय हलवत होती आणि झोळी हलली की दोरी हलत होती.

काठी दाराशी. मी झोळीशी. मारायचं म्हटलं तरी मारणार कुठं? चुकलं तर तो बाळावर पडणार.

"हलू नका कुणी," मी म्हणालो.

म्हातारीनं वर बघितलं. हातातला ओवा तिनं तसाच मुठीत धरून ठेवला. मुलीच्या तोंडातून फक्त "बाबा" एवढंच आलं.

मी खाली बसलो. गुडघा खरंच दुखत होता, पण बसलो. निखाऱ्यांची धग तोंडावर येत होती. एका पायानं घमेलं बाजूला केलं आणि दोन्ही हात खालून झोळीला लावले. झोळी थांबली. मग एक हात तसाच ठेवून दुसरा कडेनं आत घातला. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी त्याचा फुत्कार टाळूवर यावा इतका जवळ ऐकू येत होता. बाळ हाताला लागलं, गरम, ओलसर. एवढं हलकं की उचलताना मला भीती वाटली, आपण रिकामं दुपटंच उचलतोय की काय. तसंच बाहेर काढलं, छातीशी धरलं, आणि बसल्या बसल्याच मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आलो. मुलीनं ते माझ्याकडून ओढूनच घेतलं. दोघी बाहेर धावल्या.

"मारू नका हां," म्हातारी अंगणातून ओरडली. "घरात बाळंतीण हाये. नागाला मारायचं नाय."

मारायला हात कुठं चालत होते माझे? मी बाहेरून शिडी लावली आणि फणसाच्या बाजूचं लिंपण काठीच्या टोकानं फोडलं. तिकडची सगळी गोणपाटं ओढून काढली. धूर भसाभसा बाहेर आला. बराच वेळ काही झालं नाही. खार थोटकावर येऊन पुन्हा ओरडायला लागली होती. मग त्याच जागेतून तो निघाला. फांदी आता नव्हती, म्हणून भिंतीवरून सरपटत खाली पडला आणि परड्यातल्या दगडांच्या बांधात गेला. खार गप्प झाली.

तो गेला ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण एकटाच होता का, हे कोण सांगणार? बाकीची फट अजून लिंपलेलीच होती आणि वर कौलांखाली तसाच अंधार.

दिवसभर मुलगी अंगणातच बसून राहिली, पेंढ्याच्या गंजीच्या सावलीला. जेवण तिथंच. आत जाऊन दुपटं आणायलासुद्धा तिचा पाय उचलेना. मी म्हटलं, जाते का वाशिंदला? तर म्हणाली, "नाय बाबा. सव्वा महिना राहीन. तुमी बोललाय ना."

संध्याकाळी तिच्या सासूचा फोन आला. ती ओटीच्या कोपऱ्याला, आतल्या बाजूला पाठ न करता, भिंतीला टेकून उभी राहिली. बाळ कडेवर घट्ट धरलेलं. डोळे आढ्याकडं.

"हां आई. सगळं ठीक हाये. खारी? गेल्या त्या. बाबांनी सगळं बंद केलंय. नाय नाय, काय त्रास नाय. झोपते ना, मस्त झोपते."

मी शेजारीच बसलो होतो. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि तिचे पाय थरथरत होते, ते मला साडीच्या काठावरून दिसत होतं. सकाळी नाग डोक्यावर होता तेव्हा भ्यालो त्यापेक्षा मी तेव्हा जास्त भ्यालो. तिला मी जा म्हटलं तरी ती जाणार नव्हती. आणि रात्र झाली की ती त्या छपराखाली झोपणार होती.

ती रात्र आम्ही सगळ्यांनी अंगणात काढली. शेकोटी विझू दिली नाही.

सकाळी फटफटल्यावर मी जावयाला फोन लावला. "कौलं परतायला काढतोय. घर उघडं पडणार. बाळाला धूळ, ऊन. गाडी घेऊन ये आन दोघींना घेऊन जा."

"आत्ता कौलं?" तो म्हणाला. "बाबा, ती तर वैशाखात, पावसाच्या आधी परततात ना?"

"माझी कौलं हायेत. मी कधीपण परतीन."

शिडी लावून वर चढलो. म्हातारीनं शिडी धरली. शिमगा नुकता झालेला, कौलं परतायला अजून महिना-दीड महिना होता, हे तिला काय माहीत नव्हतं? मी कौलं काढून देत गेलो, ती खाली लावत गेली. जिथं झोळी होती तिथपासूनच सुरुवात केली. एकेक कौल उचलण्याआधी काठीनं ढोसून बघत होतो. खारीचं घरटं सापडलं, रिकामं. त्यात दुपट्याचा दोरा होता.

घराच्या मध्यावर आभाळ दिसायला लागलं तेव्हा मुलगी उंबऱ्यात आली. वर बघितलं. भोकातून मी तिला दिसत होतो.

"खरंच परतताय बाबा?"

"मग काय खोटं? जा, कपडे भर. धूळ पडेल बाळावर."

ती आत आली. एवढ्या उजेडात आत यायला तिला भीती वाटली नाही. तुळईवरची झोळीची दोरी तिनं सोडली, लुगड्याची घडी घातली. मी पुढचं कौल काढलं.