मोडलं का झिजलं?

"मोडलं का झिजलं?"

रिकाम्या झालेल्या खोलीत आत्या शिरत त्या हा प्रश्न विचारतच. चपला मात्र बाहेर काढत. सामान गेलं, भाडेकरू निघाला, तरी ते कुणाचं तरी घर होतं, असं त्यांना वाटत असावं.

आमच्या कुरुळी गावाजवळ कारखाने आले, शेतांच्या जागी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यातले निम्मे घरमालक आत्यांचे भाचे निघाले. माझं भाडेकराराचं दुकान. 'नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वजा' हे वाक्य मी रोज छापतो. पण नुकसान कशाला म्हणायचं, ते आत्या ठरवत. मोडलं तर भाडेकरूचं, झिजलं तर मालकाचं. इतका सोपा कायदा मी दुसरा पाहिला नाही.

एका पठ्ठ्यानं दाराला भोक पाडून ठेवलं आणि वर म्हणाला, "झिजलं, आत्या." आत्या म्हणाल्या, "लाथंनं व्हय?" फरशी झिजली म्हणून पैसे मागणाऱ्या एका मालकालाही त्यांनी सोडलं नाही. "तुझं गुडघं झिजलं, त्याचं पैसं कुणाकडनं घेतलंस रे?"

एकदा मात्र त्यांचा कायदा अडला. परभणीकडचा एक तरुण धाकट्या भाच्याची खोली सोडत होता. संध्याकाळच्या गाडीनं त्याची बायको आणि छोटी मुलगी वल्लभनगरच्या स्टँडवर उतरणार होत्या. दुसरी खोली ठरलेली होती, पण तिथं डिपॉझिट भरल्याशिवाय चावी मिळणार नव्हती. आणि इकडे भाचा पैसे सोडायला तयार नव्हता. भिंतीवर डोक्याच्या तेलाचा परातीएवढा डाग पडला होता.

"मोडलं का झिजलं?"

"मळलंय, आत्ये! अख्खी भिंत रंगवावी लागंल."

आत्या त्या डागाखाली जाऊन बसल्या. इकडे तिकडे पाहिलं. "एवढी भिंत मोकळी असताना हितंच का रं टेकायचास?"

तरुण खाली मान घालून म्हणाला, "इथंच रेंज येते, आत्या. बाकी कुठं बसलं की पोरीचा आवाज तुटतो."

शिफ्ट संपली की तो रोज तिथं बसून बोलत असे. मुलगी नुकती बोलायला लागली होती.

भाचा म्हणाला, "ह्ये समदं सांगायच्या गोष्टी."

"मग लाव की तुझ्या बायकूला फोन," आत्या म्हणाल्या.

भाच्यानं दाराशी उभं राहून फोन लावला. "हॅलो... हॅलो... काय?" तो खिडकीपाशी गेला. तिथंही तेच. हळूहळू सरकत तो आत्यांच्या शेजारी पोचला, खाली बसला, आणि आवाज स्वच्छ आल्याबरोबर त्यानं निवांत डोकं मागे टेकलं. "हां, आता बोल."

"लागलं तुझंबी तेल," आत्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. भाचा उठला, कानापर्यंत लाल. त्यानं खिशातून सगळं डिपॉझिट काढून दिलं. तरुण भिंत पुसायला बादली शोधू लागला, तर भाचा त्याच्यावरच खेकसला, "राहू दे ती भिंत! गाडी येईल. पोरगी वाट बघत बसंल तिकडं."

आत्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. भांडणं काही थांबलेली नाहीत. लोक माझ्याकडे येतात, मी त्यांना करारातलं वाक्य दाखवतो, आणि ते अधिकच चिडून जातात.

परवा तो परभणीचा तरुण दुकानात आला. काळेवाडीत त्याच्या मित्राचं डिपॉझिट अडकलं होतं आणि तो आत्यांना न्यायला आला होता. त्याला काही माहीतच नव्हतं. मी सांगितलं तसा तो बाकड्यावर बसूनच राहिला.

तो धाकटा भाचाही तिथंच होता, नव्या भाडेकरूचा करार करायला आलेला.

"काळेवाडीत कुठं हाय खोली?" त्यानं एकदम विचारलं. "चल, मी येतो. त्या मालकाशी बोलतो. आत्येवानी जमंल का न्हाई, ठावं न्हाई."

आपला करार अर्धवट टाकून तो उठला, बाहेर जाऊन मोटरसायकलची मागची सीट त्यानं रुमालानं पुसली. तरुण मागे बसला.

हे बघायला आत्या हव्या होत्या.