लूमच्या ठोक्यावर

माझ्या आतेबहिणीइतकं मन लावून घाबरणारं माणूस साऱ्या सुरत शहरात दुसरं नव्हतं. इतर लोक काही घडलं की घाबरतात. हिला घडण्याची वाट बघवत नसे. नव्वदच्या दशकात मी पर्वत पाटियाला साडीच्या दुकानात लागलो, तेव्हा बमरोलीत फुईकडे राहायचो. आम्ही खानदेशी माणसं आत्याला फुई आणि तिच्या नवऱ्याला फुवा म्हणतो. खाली यंत्रमागांची शेड आणि वर फुईची एक खोली, असा तो संसार. फुवा खालीच लूम चालवत. दिवसभर ती खटाखट अशी चाले की ताटातल्या वरणालाही कापरं भरे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, कारण हलणं हाच त्या घराचा स्वभाव होता.

अशा घरातली ही मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि नेमकी दोलनं आणि तरंग शिकून आली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला! अनुनादाचा धडा झाला त्या दिवशी तिने जेवण टाकलं. प्रत्येक वस्तूला हलण्याची स्वतःची एक गती असते, आणि बाहेरचे धक्के त्याच गतीने बसत राहिले तर हलणं वाढत जातं, एवढं तिला कळलं होतं. म्हणजे लूमची गती आणि आमच्या भिंतीची गती ज्या क्षणी जुळेल, त्या क्षणी आपण सगळे खाली! फळीवर पाण्याचा पेला ठेवून ती त्यातल्या लाटा निरखत बसे. फुईने शेवटी तो पेला उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाली, "हाई घर पडाव नही वं! कितला सालपाईन हालस!" पण लेकीचं समाधान झालं नाही. इतकी वर्षं पडलं नाही म्हणजे आता पडायची वेळ जवळ आली, असं तिचं म्हणणं होतं.

शेजारणीने तान्ह्या बाळाला झोका द्यायला सांगितलं, तर ही झोका देई आणि घड्याळ लावून बसे. बाळ रडून लालबुंद, आणि ही त्याच्या आईला सांगते आहे, "वहिनी, पोर कितीही लठ्ठ झालं तरी झोळीला वेळ तेवढाच लागतो." त्या बाईने पुढे दोन आठवडे आमच्याकडे विरजण मागितलं नाही. मी एकदा समजावायला गेलो, की बाई गं, भीती काय, येते आणि जाते. तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "भाऊ, बठ्ठासनी भीती विरी जास. मनी नही विरत. मनामा घर्षणच नही." सगळ्यांची भीती ओसरते, हिची नाही, कारण हिच्यात म्हणे घर्षणच नाही!

तिला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे आठवड्याच्या वीजबंदीचा. लूम बंद, सारी गल्ली पंख्याविना का होईना पण शांत झोप काढतेय, आणि ही घरभर येरझाऱ्या घालतेय. एरवी खटाखटीखाली दबलेली छातीतली धडधड त्या शांततेत तिला ऐकू येई. त्या दिवशी तिचा अभ्यास म्हणून होत नसे.

आणि अभ्यास तर व्हायलाच हवा होता. फुवांनी बजावून ठेवलं होतं, "पास व्हयनी तं पुढे शिक. नापास व्हयनी तं मायसंगे टिकल्या लाव." साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम घरोघर चाले. फुईचे डोळे त्यातच अधू झालेले. फुवा दुष्ट नव्हते, दमलेले होते. पण शब्दाचे पक्के, त्यामुळे मलाही तिच्या परीक्षेची धास्ती बसली होती.

प्रॅक्टिकलला साधा लोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेला लंबक, येणार असं तिला वाटत होतं. घरातल्या जुन्या झोळीच्या आकड्याला शेडमधला पक्का धागा बांधून, त्याला कुलूप लटकवून, तिने महिनाभर दोलनं मोजली. त्यावरून निघणारं गुरुत्वाकर्षण दर वेळी चोख नऊ पूर्णांक आठच्या आसपास येई. मी म्हटलं, देव पावला.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर बसून होतो. आत काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. लोलकच आला होता. पण प्रयोगशाळेत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तिने घड्याळाची कळ दाबली, मोजायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता लोलक राहिला बाजूला, ती आपल्या छातीचे ठोकेच मोजत गेली! गणित मांडलं तर गुरू ग्रहावरही नसेल एवढं गुरुत्वाकर्षण आमच्या सुरतेत निघालं. बाहेरून आलेले परीक्षक कागद बघून नुसते हसले आणि पुढे गेले. वेळ थोडा उरला होता. हिच्या डोळ्यांपुढे टिकल्या नाचू लागल्या.

मग तिने चप्पल काढली आणि टाच फरशीवर आपटायला सुरुवात केली. खटाक खटाक, खटाक खटाक. सगळी प्रयोगशाळा वळून बघायला लागली. परीक्षक धावत आले.

"बेन, आ शुं करो छो?"

"साहेब, लूम चालू करूं छूं," ही म्हणाली. "बंध होय तो मने गणतां नथी आवडतुं." लूम बंद असलं की मला मोजता येत नाही, हे तिने इतक्या कळकळीने सांगितलं की साहेबांना रागावणं सुचेना.

"धीमे चलावो," ते म्हणाले. "बीजानां लोलक हाली जाय छे."

इतरांचे लोलक हलू नयेत म्हणून तिने हळू चालवलं. उत्तर नऊ पूर्णांक सातच्या पुढे आलं आणि पोरगी पास झाली. निकाल ऐकून फुवा खाली लूमवर गेले, आणि फुई इतकी हसली की शेवटी रडली. पुढे कित्येक दिवस फुई येणाऱ्या-जाणाऱ्याला टाच आपटून तो प्रसंग करून दाखवी.

आज ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात कॉलेजात शिकवते. फार शांत गाव आहे म्हणे, त्यामुळे तिला झोप लागत नसे. मग ती रोज संध्याकाळी घरी फोन करी, आणि ख्यालीखुशाली झाली की फुई फोन खिडकीपाशी धरी. लूम ऐकून बहीण झोपायला मोकळी. फुवा गेले, त्यानंतर ती शेडही बंद झाली. पण फुईने लेकीला शेडचं कळू दिलं नाही. फोन आला की ती रिसीव्हर जमिनीपाशी धरते आणि टाच आपटते. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मला राहवलं नाही. बहिणीला सांगून टाकावं म्हणून मी फोन केला.

ती आईची टाच आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हळूच म्हणाली, "भाऊ, माय थकनी रे. ठोका लांबाले लागना."