जादूला डबी जुनी लागते

मासळीच्या टोपलीला वास चिकटतो ना, तसे हौशी मंडळींना किस्से चिकटतात. कितीही धुवा, जात नाहीत.

रेवदंड्यात आम्ही तिघं होतो. दवाखान्याचे केळकर डॉक्टर, नारळ-सुपारीचे व्यापारी हसनभाई आणि शाळामास्तर मी. तीस सालानंतरचे ते दिवस. तिघांनाही हातचलाखीचा नाद. नाटकगृहातली जादू नव्हे, चटईवर समोरासमोर बसून करायची. त्यात वस्तू लोकांच्या नाकासमोर असते. म्हणून ती निवडण्यातच आमचा निम्मा जन्म गेला.

*

सुरुवातीला मी मुंबईहून चकचकीत पत्र्याची जादूची डबी आणली. किहीमला एका लग्नात ती बाहेर काढली. मी तोंड उघडायच्या आत समोरची म्हातारी म्हणाली, "हिच्यात चोरकप्पा हाय."

परतताना बैलगाडीत हसनभाई म्हणाले, "मास्तर, नव्या वस्तूवर लोक शक घेतात. जुनी दिसली की तिच्यावरून हात फिरवतात."

पुढच्या लग्नात त्यांनी तोच खेळ एका पितळी पानदानात केला. चोरकप्पा त्यातही होता. नेमकी तीच म्हातारी पुढे बसलेली. तिने पानदान उचललं, उलटंपालटं केलं आणि एवढंच विचारलं, "चुना हाय का?"

*

वाट्यांखालून गोळ्या गायब करायच्या खेळासाठी चौलच्या तांबटाकडून तीन वाट्या करून घेतल्या. काठ असे वळवलेले की एकीत एक ठेवली तरी आवाज नाही. पण झळाळी फार.

"जरा मळकट करून द्याल का?" डॉक्टरांनी विचारलं.

तांबट उखडले. "माझ्या हातचं भांडं मळकट? मग मडकी घ्या की."

शेवटी त्यांच्या बायकोनेच तोड काढली. "राहू देत माझ्या चुलीपाशी."

दिवाळीला वाट्या हातात आल्या, तेव्हा पणजीच्या वाटाव्यात अशा झाल्या होत्या. फक्त एकीतला लसणाच्या फोडणीचा वास काही केल्या जाईना. त्या वाट्यांचा खेळ बघताना कुणाला संशय येत नसे. भूक लागत असे.

*

डॉक्टरांनी एकदा मुंबईच्या जुन्या बाजारातून 'नवाबाची दागिन्यांची पेटी' आणली. बाहेरून नक्षी, आतून मखमल. आठवडाभर कुणाला हात लावू देईनात. हसनभाईंनी मखमलीचं एक टोक हळूच उचललं. खाली इंग्रजीत छापलेलं होतं, 'बिस्किटे कोरड्या जागी ठेवावीत.'

डॉक्टरांनी मखमल पुन्हा नीट दाबून बसवली. मग म्हणाले, "नवाबाला चहा वर्ज्य होता की काय?"

*

हसनभाईंची खरी आवडती वस्तू म्हणजे एक शिसवी डबी. सुपारीएवढी, काळीभोर. झाकण असं बसायचं की सांधा दिसत नसे. ती त्यांनी लाकूड कातणाऱ्या कातार्‍याकडून पुन्हापुन्हा करवून घेतली होती.

एके साली अवेळी वादळ झालं आणि एक होडी परतली नाही. तिच्यावरच्या एका कोळ्याची बायको, हिरा, दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. तिथून खाडीचं मुख दिसतं. ती जेवेना, कुणाशी बोलेना.

डॉक्टर हसनभाईंना म्हणाले, "तिचं लक्ष जरा दुसरीकडे न्या."

हसनभाई तिच्यासमोर बसले. तिच्या बोटातली चांदीची अंगठी मागून घेतली. ती नवऱ्याने पहिल्या कमाईतून केलेली. त्यांनी ती डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी तिच्या तळव्यावर दिली. अंगठी अर्थात आता त्यांच्या मुठीत होती. उघडून रिकामी डबी दाखवायची आणि अंगठी तिच्याच पदरातून काढायची, असा तो खेळ.

हिराने डबीवर दुसरा हात दाबला. "उघडू नको. बंद हाय तवर आत हाय."

ती डबी घेऊन उठली आणि घरी गेली. त्या दिवशी तिने भाकरी खाल्ली, असं शेजारणीने सांगितलं.

हसनभाईंची मात्र झोप उडाली. अंगठी रुमालात बांधून हिंडायचे. "परत द्यावी तर कशी देऊ, मास्तर? तिने डबी उघडली तर काय होईल?"

मग बातमी आली. होडी दक्षिणेला एका खाडीत लागली होती, माणसं सुखरूप होती. दोनेक दिवसांत हिरा नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. डबी हसनभाईंपुढे धरून म्हणाली, "आता उघड."

हसनभाईंनी रुमालातली अंगठी गुपचूप बोटांत घेतली आणि डबी हातात धरली. त्यांच्यासारखा हात रेवदंड्यात कुणाचा नव्हता. पण त्या दिवशी तो चुकला. झाकण निघालं आणि अंगठी त्यांच्या बोटांतून निसटून आमच्या सगळ्यांदेखत फरशीवर पडली.

डबी रिकामी होती. हिराने ती पाहिली. वाकून अंगठी उचलली, बोटात घातली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली,

"बघ, डबीतच होती."