धुरपताबाईच्या कमरेचं हाड

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची धुरपताबाई चाळिशीची, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बैलाला पाणी पाजताना त्यानं मान झटकली आणि शिंग तिच्या डाव्या जबड्यावर बसलं. चार दात पडले. जखम चिघळली, आतलं हाड सडलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सडका भाग काढून टाकला आणि जखम भरल्यावर तिथे नवीन हाड बसवायचं ठरवलं.

ते हाड तिच्याच कमरेतून काढायचं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं, पण शहरी मराठीत. ते आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, बायकोला सांगताना लखीरामनं, तिच्या नवऱ्यानं, नेमकं तेवढंच गाळलं.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली तेव्हा दात तारांनी बांधलेले होते. त्याचं तिला नवल वाटलं नाही. पण कूस बदलायला गेली आणि कमरेतून अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात लावला तर तिथे पट्टी!

"कंबर काहून कापली?" बांधल्या दातांतून ती फिसकारली.

लखीरामनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हंजे तुले ठाऊक होतं?"

"होतं. सांगतलं असतं तं तू आली असती का?"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टर तिला कळेल अशा सोप्या शब्दांत म्हणाले, "बाई, जबड्याला आराम हवा, पण पायाला नको. चालाल तितक्या लवकर बऱ्या व्हाल."

नर्सचा हात तिनं झिडकारला. मग लखीरामकडे न पाहताच म्हणाली, "उचल मले."

पहिल्या दिवशी दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबापर्यंत. तिला आधार देता देता लखीरामही लंगडायला लागला.

"तू काहून लंगडून राह्यला?"

"तुह्या संगं चाललो का पाय तसाच पडते."

तिला हसू फुटलं. हसलं की कंबर दुखे, म्हणून कंबर दाबून धरून ती हसत राहिली. अख्खा वॉर्ड हसला.

दीड महिना पातळ आंबील आणि वरणाचं पाणी. मग तारा निघाल्या. कमरेच्या कापामुळे मांडीवरची थोडी जागा बधिर झाली होती, ती बरेच दिवस तशीच राहिली, पण दिवाळीपर्यंत काठी सुटली आणि ती मानोऱ्याच्या बाजाराला पायी गेली. नवीन हाड पक्कं जुळल्यावर त्यावर चार दातांची कवळी बसली.

पुढच्या श्रावणात तांड्यावर तीजेचा सण आला. गव्हाच्या हिरव्यागार टोपल्यांभोवती पोरी फेर धरून नाचत होत्या. धुरपताबाईनं पदर खोचला आणि त्यांच्यात शिरली.

"याडी, माय, कंबर सांभाळ!" पोरी ओरडल्या.

"डाक्टरनं चालाले सांगतलं होतं, मी नाचून राह्यली!"

दमून ती बाजेवर बसली तेव्हा लखीरामनं भाजलेलं कणीस आणून दिलं. एकेक दाणा सोलून तिनं डाव्या, नव्या हाडाच्या बाजूनंच चावला. अख्खं कणीस संपवलं, त्याला एक दाणाही दिला नाही.