चोपणातले अकरा वाफे

हक्कसोड पत्रावर सही करायला मी नाही म्हटलं, त्या दिवसापासून माहेरच्या गल्लीत माझ्याशी कोणी धड बोलेना. बहिणीने साडीचोळी घ्यायची, सही करायची आणि हसतमुखाने सासरी जायचं, ही आमच्या कृष्णाकाठची रीत. मी मिरजेत नर्स म्हणून उभी हयात काढलेली बाई. साड्यांना मला काही तोटा नव्हता. मला आबांच्या, म्हणजे वडलांच्या जमिनीतला माझा वाटा हवा होता.

धाकट्या भावाने तो दिला. ओढ्याकडेचं चोपण. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून त्या तुकड्याला मीठ फुटलेलं. उन्हात ती जमीन पांढरी दिसायची, गवतसुद्धा नीट धरत नव्हतं. आबांचं काळंभोर रान त्याने स्वतःकडे ठेवलं. मोजणीच्या दिवशी चारचौघांत म्हणाला, "आक्का, तुला जमीन पायजे हुती न्हवं? घे की." सगळे खो खो हसले. ते हसणं मी विसरले नाही, विसरायची इच्छाही नव्हती.

याच चोपणात असं पीक काढायचं, की रोज सकाळी ह्याच्या डोळ्यांत खुपलं पाहिजे, असं मी ठरवलं. पीक निवडलं लेट्यूस, बर्गरमध्ये घालतात ते हिरवं पान. मैत्रिणीचा जावई सांगलीत हॉटेल चालवतो, त्याने येईल तेवढं घेतो म्हणून शब्द दिला.

संक्रांत झाली आणि मी इस्पितळातले तापाचे जुने कोरे तक्ते घेऊन बसले. एक चौकोन म्हणजे एक फूट. चोपणात थेट लावण करायची सोय नव्हती, म्हणून गादीवाफे. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. उंची दीड फूट, म्हणजे खालचं मीठ मुळांपर्यंत चढत नाही. तळाला खडी, तिच्यावर उसाचं पाचट, मग बाहेरची चांगली माती आणि शेणखत. पाणी ठिबकने, बेतानं. फाल्गुनातलं ऊन लागलं की लेट्यूस कडू होतं, म्हणून वर शेडनेट. असे चार वाफे, आणि चारही भावाच्या रानातल्या घराच्या सोप्यातून, म्हणजे ओसरीतून, दिसतील असे. ऊन कुठून येतं याचा विचार मी नंतर केला.

माती आणायची कुठून, हा प्रश्न होता. वीटभट्टीला माती वाहणारा एक ट्रॅक्टरवाला रोज रस्त्याने जायचा. त्याला थांबवून विचारलं, तर त्याने हात करून भावाचं काळं रान दाखवलं. आमचं नातं त्याला ठाऊक नव्हतं. मालकाला रान उतरवायचंय, म्हणाला. उंचवट्यावर पाटाचं पाणी चढत नाही, वरची दोन-तीन फूट माती भट्टीला दिली की पाणी कसं छान बसेल. आमच्याकडच्या ऊसवाल्यांना पाणी कमी पडायची तेवढी भीती असते, जास्त झाल्याची कधीच नाही.

मला तिथंच कळलं. उतरवलेल्या रानात पाणी साचणार, आणि साचत राहिलं की तिथंही मीठ फुटणार. भावाच्या दारात जाऊन एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. नाही बोलले. घरी येऊन तक्ता काढला आणि चार वाफ्यांचे अकरा केले. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, भट्टी राहू दे, आधी माझ्याकडे टाक. खेप पडली की मी मूठभर माती हातात घेऊन चुरडायची आणि मला मनापासून हसू यायचं. भावाला वाटत होतं त्याची माती भट्टीलाच जातेय आणि मी कुठला तरी गाळ भरतेय. चौकशी करायची तर माझ्याशी बोलावं लागलं असतं.

फाल्गुनात माझे अकराही वाफे हिरवेगार झाले. भावाच्या रानात दोन पाण्यांतच तळं साचलं, नव्या लागणीच्या उसाच्या कांड्यांचे डोळे कुजले. मग एका सकाळी तो बांधावर आला. असले वाफे कसे करायचे, असं खाली बघत विचारलं. बोलता बोलता त्याने वाफ्यात हात घातला आणि ढेकूळ फोडलं.

"आक्का, ही आबांची माती हाय."

"व्हय."

"पानी साचंल ते तुला ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू हसत हुतास तवा मी गप बसले. तशीच बसले."

तो आला तसा निघून गेला. त्याची मान खाली गेलेली मी डोळे भरून पाहिली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग लेट्यूस काढायला वाकले, तेव्हा समोर त्याच्या रानातलं पाणी दिसलं. आबांचं काळं रान आता त्याच्याही वाट्याला उरलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि ते उकरायला अकरा वाफ्यांइतका हातभार मी लावला होता, तक्त्यावर मोजून.